पोकळ बोलणारी फरशी

"उतरा आता, मिस्त्री. पाणी चावत नाही."

"चावायचं नाही हो, बाई. मी ढाळ बघतोय."

"कसला ढाळ?"

"तळाचा. पाय घसरला तर माणूस कुठल्या बाजूला जाणार, ते आधी कळलेलं बरं."

पोहण्याच्या तलावाच्या शिडीवर, पहिल्याच पायरीला, मिस्त्री दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारून उभे होते. बराच वेळ उभे होते. अंगावर मेव्हण्याकडून मागून आणलेली पोहायची चड्डी होती. मेव्हण्याचा घेर मिस्त्रींच्या दुप्पट. त्यामुळे नाडी दोनदा कमरेभोवती फिरवून पुढे जी गाठ मारली होती, ती दुरून पाहणाऱ्याला बेंबीवर येऊन बसलेल्या कबुतरासारखी दिसत होती. खाली छातीएवढ्या पाण्यात गुडघे-कंबरवाली मंडळी गोल करून थांबली होती. त्यांत एक निवृत्त वकील होते. देहाने एवढे ऐसपैस, की ते पाण्यात उतरले की पलीकडच्या टोकाला पाणी काठावरून बाहेर जाई, आणि ते वर आले की पोहणाऱ्यांची पोटं तळाला घासत. ते म्हणाले, "बाई, यांना पुढची तारीख द्या. आज काही सुनावणी होत नाही."

शिट्टीबाईंनी शिट्टी फुंकली. या बाई पूर्वी इस्पितळात मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवत. आता रोज सकाळी तेच काम पाण्यात करत. त्यांची शिट्टी अशी, की बाहेर रस्त्यावरच्या गाड्या थांबत आणि आतल्या माणसांचे पाय आपोआप चालू लागत. मिस्त्रींचेही हात सुटले. उरलेल्या पायऱ्या त्यांनी एका दमात उतरल्या, तळाला पाय टेकले, आणि तोंड उघडं टाकून उभे राहिले.

गुडघे गप्प झाले होते.

हे गुडघे गप्प होणं केवढी गोष्ट होती, ते कळायला त्यांचं बोलणं ऐकलेलं हवं. मिस्त्री जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावरची मांजर अक्रोड फुटतायत असं समजून दारात येऊन बसे. खुर्चीतून उठले की शेजारचे म्हणत, दार वाजलं वाटतं.

मिस्त्रींचा धंदा फरशा बसवायचा. बाकीचं जग ज्या जमिनीवर पायांनी चालतं ती जमीन हे गुडघ्यांनी मोजत आले. दवाखान्यांचे लांबलचक व्हरांडे, शाळा, दुकानं, एका बँकेचं ते मैदानाएवढं दालन. सगळं गुडघ्यांवर, खाली गोणपाटाची घडी टाकून. आणि फरशीवाला चालतो उलटा. बसवलेल्या फरशीवर पाय द्यायचा नाही, म्हणून मागे मागे सरकायचं. कामावर असलेले मिस्त्री पुढे जाताना पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांचं काम मात्र पक्कं. एक जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा म्हणे भिंती पडल्या, छप्पर पडलं, पण मिस्त्रींच्या फरशीशी पोचल्यावर दोन घणांचे दांडे मोडले, आणि शेवटी नव्या इमारतीचा नकाशा बदलावा लागला. हे सांगणारे मिस्त्रीच होते, ही गोष्ट वेगळी.

फरशी बसली की ते थापीच्या दांड्याने तिच्यावर टकटक करत आणि कान लावत. आवाज भरीव आला तर पुढची घ्यायची. पोकळ बोलली, की उपटायची, खालचा माल खरवडायचा, पुन्हा बसवायची. मालक म्हणे, "राहू द्या हो मिस्त्री, तिच्यावर कपाट येणार आहे." मिस्त्री म्हणत, "कपाटाला कान नाहीत. मला आहेत." आयुष्यात एकही पोकळ फरशी मिस्त्रींनी मागे ठेवली नव्हती.

एक सोडून. म्हणजे पोकळ नव्हे, न बसवलेलीच.

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोरची जमीन उखडलेली होती. संसार नवा असताना एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींनी मोठ्या उत्साहाने जुना कोबा फोडला, तेवढा तुकडा मोकळा केला, आणि त्याच संध्याकाळी बँकेच्या कामाचं बोलावणं आलं. मग दवाखान्याचं. मग शाळेचं. फरशा आणलेल्या होत्या. राखाडी रंगाच्या, खास निवडलेल्या. त्या खोक्यासकट खाटेखाली गेल्या आणि तिथेच राहिल्या. खड्ड्याची कड ओट्यासमोर राहिली. मिस्त्रीणबाई रोज ती ओलांडून शेगडीपाशी जात. सुरुवातीला त्या विचारत, "कधी?" नंतर विचारेनाशा झाल्या. आणि मागच्या महिन्यात त्या उकळतं पातेलं घेऊन त्या कडेला अडखळल्या. मनगटावर लांब लालभडक डाग पडला.

मेव्हणा बहिणीला बघायला आला. डाग पाहिला, खड्डा पाहिला, मग मिस्त्रींकडे पाहिलं.

"भावजी, माझ्याकडे एक माणूस आहे. अर्ध्या दिवसात करून देईल."

"मी असताना?"

"तुम्ही आहात म्हणूनच तर तो खड्डा आहे." मेव्हण्याने चहा संपवला. "शाळांना सुट्ट्या लागेपर्यंत थांबतो. नंतर माणूस पाठवणार. तुम्ही दाराला आतून कडी घातलीत तर खिडकीतून पाठवीन."

मिस्त्रींना ते बोलणं असं झोंबलं, की त्यांनी तिथल्या तिथे गुडघ्यावर बसून दाखवायला घेतलं. अर्ध्यावर गेले. तिथून ना खाली जाता येईना ना वर. मेव्हण्यानेच काखेत हात घालून उभं केलं, आणि हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले. "आत काही शिल्लक नाही फारसं. कोरडं चालाल तेवढं घासेल. पाण्यात चाला."

"पाण्यात? म्हशीसारखं?"

"म्हशीचे गुडघे दुखल्याचं कधी ऐकलंत?"

मिस्त्रींनी खूप आठवून पाहिलं. ऐकलं नव्हतं.

अशी सगळी वाट तुडवत मिस्त्री त्या सकाळी पाण्यात पोचले होते.

"कसं वाटतंय?" शिट्टीबाईंनी काठावरून विचारलं.

"माझं वजन कुठे गेलं?"

"पाण्याने उचललं. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिलात की अर्ध्याहून जास्त वजन गुडघ्यांवरून उतरतं."

"फुकट?"

"फुकट नाही. चालून बघा."

मिस्त्री चालले. म्हणजे निघाले, पण पोचले नाहीत. पाण्याने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, कुठे निघालात. त्यांनी जोर लावला तसा पाण्यानेही लावला.

"घाई केलीत की ते जास्त अडवतं," बाई म्हणाल्या. "ते अडवतं म्हणून मांडीत ताकद येते. सावकाश. टाच आधी, मग बोटं. हात पाण्याखाली."

सावकाश हा शब्द मिस्त्रींच्या अंगात कुठेच बसेना. काम सुटल्यापासून त्यांना जागेवर राहणंच माहीत नव्हतं. घरात खाटेवरून खिडकी, खिडकीतून दार, दारातून पुन्हा खाट. बसले तरी बोटं मांडीवर टकटक करत राहायची, जणू मांडी पोकळ आहे की काय ते बघतायत. लोकांकडे गेले की आधी जमीन ठोकत, मग नमस्कार करत. रात्री एवढी चुळबुळ, की त्यांची चादर सकाळी शेजारच्या खोलीत सापडायची. पाण्यातही तेच. सगळी मंडळी गोलात चालायची, आणि मिस्त्री सगळ्यांना मागे टाकून, पुन्हा मागून येऊन, वकिलांच्या पाठीवर आदळायचे.

"मिस्त्री, मागे दिवा लावू का मी?" वकील विचारत.

"तुम्ही चालताय की उभे आहात तेच कळत नाही."

"मी इथला तळ सांभाळतोय. मी हललो तर पाणी कमी पडेल तुम्हाला."

पण पाणी फार हुशार कारागीर. ते माणसाला समजावत नाही, घडवतं. दिवस गेले तसे मिस्त्री सावकाश झाले, कारण दुसरा मार्गच नव्हता. काठ धरून एक पाय बाजूला नेणं, पुन्हा आणणं. एका पायावर उभं राहणं, तोल गेला तर जाऊ देणं, कारण पडलं तरी पाणी हळूच खाली ठेवतं. हातात फोमचे डंबेल घेऊन ते खाली दाबणं. हे डंबेल दिसायला पावासारखे आणि दाबायला हत्तीसारखे. व्यायाम झाला की अंग असं सैलावायचं, की मिस्त्री घरी जाऊन जेवायच्या आधीच खाटेवर आडवे व्हायचे. चादर पहिल्यांदाच सकाळी खाटेवर सापडली. मिस्त्रीणबाईंनी ती उचलून, पुन्हा घालून, पुन्हा उचलून पाहिली.

"जिना चढताना आवाज नाही आला आज," त्या म्हणाल्या.

"हळू चढलो."

"मांजर वाट बघून गेली."

दोन जिने सलग. भाजीची पिशवी एका हातात. रस्ता ओलांडताना समोरच्याने हॉर्न वाजवायच्या आत पलीकडे. मिस्त्रींना हे सगळं दिसत होतं, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं. ते रोज घरी आल्यावर आधी ओट्यासमोर जात, खड्ड्याकडे बघत, आणि गुडघा किंचित वाकवून त्याचा अंदाज घेत. सुट्ट्या जवळ येत होत्या. मिस्त्रीणबाई कड ओलांडताना आता ओट्याला हात टेकत. तो हात टेकलेला मिस्त्रींना दिसू नये म्हणून त्या आधी मिस्त्री कुठे बघतायत ते बघत, आणि तो दिसला नाही असं दाखवायला मिस्त्री खिडकीबाहेर बघत.

मग एके दिवशी, तलावाच्या उथळ कोपऱ्यात, टाच टेकताना मिस्त्री थबकले. मागून वकील आदळले. त्यांच्या मागून बाकीचे.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "ही पोकळ आहे."

"काय?"

"फरशी. टाचेला कळली." त्यांनी पुन्हा टाच दिली. पुन्हा. चेहरा असा, जसा काही पाण्यात मेलेला उंदीर सापडला. "कुणी बसवली ही? कोपऱ्यात माल कमी टाकला, उरकलं, आणि वर पाणी सोडलं. कोण बघतंय म्हणा. लाज नाही माणसाला."

"मिस्त्री, चालत राहा."

"चालू कसा? खाली पोकळ आहे."

आणि कुणी काही म्हणायच्या आत मिस्त्रींनी नाक धरलं आणि खाली गेले.

वर फक्त बुडबुडे. वकिलांनी तीन बुडबुडे मोजले आणि त्यांचा धीर सुटला. ते वाकले, हाताला जे लागलं ते धरून ओढलं. हाताला लागली ती नाडीची गाठ. कबुतर उडालं. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली, तशी पलीकडच्या टोकाला पोहणारे सगळे एकदम थांबले आणि अर्धे बुडाले. मिस्त्री एका हाताने चड्डी धरून पाण्यावर आले. डोळे लाल.

"पोकळच आहे," ते म्हणाले. "बोटाने ठोकून बघितली."

शिट्टीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "खाली कसे बसला होतात?"

"कसा म्हणजे?"

"ठोकताना."

मिस्त्रींनी आठवलं. मग त्यांचा हात चड्डीवरून सुटता सुटता राहिला. "गुडघ्यांवर."

मिस्त्री पुन्हा खाली गेले. या वेळी कुणी ओढलं नाही. पाण्यातून ते वाकडेतिकडे दिसत होते; दोन्ही गुडघे तळाला, पाठ सरळ, एक हात जमिनीवर पसरलेला, जसे ते आयुष्यभर बसत आले तसे. श्वास संपेपर्यंत बसले. वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले.

तिथेच मिस्त्रींची चूक झाली. आणि ती फरशीवालाच करू जाणे. त्यांना वाटलं, जमीन ती जमीन.

त्या दिवशी ते घरी आले. मिस्त्रीणबाईंनी दूध शेगडीवर ठेवलं, "लक्ष ठेवा, मी बाजारात जाऊन येते," म्हटलं आणि गेल्या. मिस्त्रींनी खाटेखालून खोकं ओढलं. थापी काढली. गोणपाटाची जुनी घडी झटकली, ती उखडलेल्या जमिनीच्या कडेला टाकली, ओट्याला हात टेकला आणि खाली बसले.

मिस्त्रीणबाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळलं होतं. शेगडी विझली होती, वास सुटला होता. मिस्त्री खड्ड्यात दोन हात आणि दोन गुडघ्यांवर होते. दुधाची एक धार त्यांच्या मनगटापाशी येऊन साचली होती.

बाईंनी आधी शेगडीचं बटण फिरवलं, खिडकी उघडली. मग पिशवी ठेवली.

"काय हरवलंय?"

"काही नाही. ढाळ बघतोय."

"कधीपासून?"

"दूध वर यायला लागलं तेव्हापासून. मी बघत होतो त्याच्याकडे. ते वर येत होतं आणि मला काही येता येत नव्हतं."

मिस्त्रीणबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी खाली बसल्या. एका गुडघ्यावर, मग दुसऱ्यावर. काही आवाज नाही, कुठे हात टेकणं नाही, अगदी सहज. मिस्त्रींचा खांदा आपल्या खांद्यावर घेतला. वर येताना मिस्त्रींच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून मांजर दारात आली होती. तिला दूध मिळालं, एवढंच त्यातलं चांगलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तलावावर गेले, पण पाण्यात उतरले नाहीत. काठावर बसून पाय आत सोडले आणि हलवत राहिले. शिट्टीबाई येऊन शेजारी बसल्या. वकील पाण्यातून, कान काठाला लावून, ऐकू येत नाहीये असं दाखवत उभे.

"पाण्यात बसता आलं मला," मिस्त्री म्हणाले. "तुमच्यासमोर."

"हो."

"मग घरी का नाही?"

"पाण्यात तुम्हाला पाणी धरतं. घरी कोण धरणार?"

"पण मांडीत ताकद आलीय. जिना चढतो. झोप लागते. खोटं आहे का ते?"

"खरं आहे. ताकद आली, तोल आला, दुखणं कमी झालं, श्वास वाढला. ते सगळं तुमचं आहे, आणि येत राहिलात तर टिकेल. पण गुडघ्यातली गादी झिजली ती झिजली. पाणी ती परत भरत नाही." शिट्टीबाई शिट्टीशी खेळत होत्या, त्यांना असं बोलणं कधीच सोपं गेलं नव्हतं. "कठीण जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत, मिस्त्री. आता कधीच."

"एक छोटा तुकडा आहे. ओट्यासमोरचा."

"एक फरशीसुद्धा नाही."

मिस्त्रींचे पाय पाण्यात हलत राहिले. मग ते उतरले. गोलात गेले नाहीत. त्या कोपऱ्यात जाऊन टाच पोकळ फरशीवर ठेवून उभे राहिले. वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी तिथेच.

शाळांना सुट्ट्या लागल्या. मेव्हण्याचा फोन आला: उद्या दुपारी माणूस येईल. मिस्त्रींनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग खाटेवरून खिडकी, खिडकीतून दार. थापी उचलली, ठेवली. पुन्हा उचलून पुसली, जशी ती कुणाला तरी द्यायची आहे. मिस्त्रीणबाई भांडी घासता घासता हे सगळं पाठीने बघत होत्या.

सकाळी तलावावरून परत आले तेव्हा ओट्यासमोर खुर्ची मांडलेली होती. खड्डा झाडून, पाणी मारून ठेवलेला. घमेल्यात वाळू-सिमेंट कालवलेलं. गोणपाटाच्या घडीवर मिस्त्रीणबाई बसल्या होत्या, हातात थापी.

"बसा," त्या म्हणाल्या. खुर्चीकडे मान केली.

"अगं, हे काय?"

"मी बसवते. तुम्ही बोला. तसं तुम्ही बोलणारच आहात."

"तुला येतं का?"

"इतकी वर्षं झोपेत बरळताय ते कुणी ऐकलं? माल घट्ट हवा. दोरी ताणून बांध. कोपऱ्यात कमी टाकू नकोस." त्यांनी घमेलं ढवळलं. "दुसऱ्या कुणाला मी इथे हात लावू देणार नाही. दादाला सांगितलंय, माणूस पाठवू नकोस, आमच्याकडे दोन आहेत."

मिस्त्री खुर्चीत बसले. लगेच उठले, माल बोटाने चाचपला, "पाणी जास्त झालं," म्हटलं, पुन्हा बसले. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली, तिचं एक टोक बाईंच्या हातात दिलं, दुसरं ओट्याच्या पायाशी काठीने टेकवलं. दोन्हीकडचं पाणी थरथरत वरखाली झालं आणि एका रेषेत थांबलं. खूण केली. दोरी बांधली.

पहिली फरशी बसली. मिस्त्रींनी काठीच्या टोकाने ठोकली, मान वाकडी केली.

"काढ."

"आत्ताच?"

"पोकळ आहे."

बाईंनी काढली. माल सारखा केला. पुन्हा ठेवली.

"आपटू नकोस. दाब. घाई केलीस की ती जास्त अडवते," मिस्त्री म्हणाले आणि हे आपण कुठे ऐकलं त्याचा क्षणभर विचार करत राहिले. "सावकाश. आधी ही कड, मग ती."

ठोकली. भरीव.

खुर्ची एका जागी राहीना. मिस्त्री तिला घेऊन मागे मागे सरकत होते, बाई मागे सरकतील तसे. मधूनच उभे राहत, मधूनच हात असे खाली जात, जसे ते फरशी दाबतायत, आणि हवेतच थांबत. "काढ" म्हणाले की मिस्त्रीणबाई त्यांच्याकडे नुसतं बघत, आणि काढत. एकदा म्हणाल्या, "तुमच्या मजुरांनी तुम्हाला ठोकलं कसं नाही?"

"एकाने ठोकलं होतं."

"बरं केलं."

दुपार टळली. बाईंचे हात सिमेंटने पांढरे पडले, बोटं सुजली. मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसेनासा झाला. एक शेवटची फरशी राहिली, शेगडीच्या बरोबर समोरची, कोपऱ्यातली. ती त्यांनी दोन्ही हातांनी उतरवली, कड जुळवली, दाबली. मग तशाच हातांवर भार देऊन बसून राहिल्या. घामाचा एक थेंब फरशीवर पडला, तो त्यांनी कोपराने पुसला.

मिस्त्रींनी काठी पुढे केली. ठोकली.

त्यांची मान वाकडी झाली. पुन्हा ठोकली, थोडी डावीकडे. काठी तिथेच टेकवून ते ऐकत राहिले, आवाज केव्हाच संपला होता तरी.

मिस्त्रीणबाईंनी मान वर केली. केसांना सिमेंट लागलं होतं. "बसली?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. मग फरशीकडे.

"बसली," ते म्हणाले.

तलावातल्या कोपऱ्याबद्दलची तक्रार मिस्त्रींनी पुढे वाढवली नाही. वकिलांनी स्वतः विचारलं, "काय मिस्त्री, त्या खटल्याचं काय झालं?" मिस्त्री तेव्हा एका पायावर उभे होते, हात पाण्याखाली, अजिबात न हलता. म्हणाले, "काढून टाका. त्या माणसाचंही काही कारण असेल."

ते अजून रोज सकाळी जातात. निघायच्या आधी टॉवेल मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला चहाची वाट बघत बसतात. मिस्त्रीणबाई आता चहा झाला म्हणून हाक मारत नाहीत. शेगडीसमोर उभ्या राहून कोपऱ्यातल्या फरशीवर टाच देतात, आणि ती पोकळ बोलते.

पहिल्या वेळेला मिस्त्री मुद्दाम उठत नाहीत. बोटं टॉवेलवर थांबलेली असतात. ती पुन्हा वाजेपर्यंत ते तसेच बसून राहतात.